शिक्षकाचें वर्ष

शिक्षकास सुट्ट्या पुष्कळ व श्रम थोडे, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. आम्हीं हा पेशा आयुष्यभर केला. म्हणून दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य समजतों.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीस वर्षाचे किमान २०० व सहावी ते आठवीस २२० दिवस नेमिले असून, शिक्षकास आठवड्याचे ४५ तास, पूर्वतयारी धरून, सांगितले आहेत. जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण हीं कामें निराळीं. तीं आलीं कीं पूर्वतयारीच्या तासांस कात्री लागते. कारण ते तास कोणास दिसत नाहींत.

घणसोली गांवांत या न दिसणाऱ्या तासांचें मोल विशेष आहे. खाडीकांठचें हें आगरी-कोळ्यांचें गांव; १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि पुढें भातशेतीच्या जागीं वसाहती उठल्या. आतां घरीं आगरी बोलणारें व घरीं हिंदी बोलणारें मूल एकाच बांकावर बसतें. मुलाचा घरचा शब्द जाणल्यावांचून त्यास पुस्तकांतला शब्द देतां येत नाहीं. आणि तो जाणण्यास वेळ लागतो.

जूनमध्यें मुकाट बसणारें मूल एप्रिलांत उभें राहून स्वतःचें वाक्य बोलतें, तेव्हां वर्षाची सारी दगदग सार्थकीं लागते. याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असें ठरविलें आहे. सुज्ञ पालकांनीं तेथें मुलांच्या गुणांबरोबरच शिक्षकाच्या तयारीच्या तासांचीही चौकशी करावी.