जुना झोलिंगेन सुरा: वय कसं ओळखाल?

जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना शिकारी सुरा हाती आला, तर आधी पॉलिश करू नका! वयाचा पुरावा पात्यावरच्या ठशात असतो आणि घासला की तो पुसट होतो. मुठीला लागून पात्याचा जो धार नसलेला भाग असतो, तिथे तिरपा उजेड पाडून भिंगातून बघा.

🔹 'जर्मनी' : १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे असा ठसा बहुधा त्यानंतरचा.
🔹 'वेस्ट जर्मनी' : १९४९ ते १९९० च्या दरम्यानचा. नवशिक्यासाठी सर्वात सोपी खूण.
🔹 'झोलिंगेन' : १९३८ च्या कायद्याने हे नाव तिथल्याच मालासाठी राखीव झालं.
🔹 'पुमा' कंपनीचा सुरा असेल तर गार्डवर (मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या पट्टीवर) आकडे शोधा. १९६४ पासूनच्या सुऱ्यांवरचा हा क्रमांक कंपनीच्या तक्त्याशी जुळवला की निर्मितीचा काळ कळतो.

मूठही निरखा. अनेक जुन्या मुठी भारतातून गेलेल्या सांबरशिंगाच्या आहेत. खऱ्या शिंगावरचे खाच-उंचवटे दोन्ही बाजूंना कधीच हुबेहूब सारखे नसतात.

म्यानावरून मात्र वय ठरवू नका, ते बदललेलं असू शकतं. तुमच्याकडच्या सुऱ्यावर कोणता ठसा आहे? फोटो नक्की टाका!