लेबलाची भाषा : कागद, गम आणि छपाई

पन्ह्याची बाटली शीतपेटीतून बाहेर काढावी, तिच्यावर पाण्याचे थेंब जमावेत आणि हात लावताच लेबल सरकून खाली यावे, हा प्रकार बचत गटांच्या उत्पादनांत पुष्कळदा दिसतो. नुकसान केवळ देखणेपणाचे नसते. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन वा माप, किरकोळ विक्रीची कमाल किंमत इत्यादी तपशील वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. अन्नपदार्थांवर परवाना वा नोंदणी क्रमांक आणि वापराची मुदतही लागते. लेबल गळून पडले की हा सारा मजकूर जातो आणि आतला माल उत्तम असूनही विक्रीस अपात्र ठरतो. दोष बहुधा छापखान्याचा नसतो; मागणीपत्रात 'स्टिकर, १००० नग' एवढेच लिहिलेले असते.

पूर्वी लेबल म्हणजे छापील कागद आणि खळ. आजचे स्वयंचिकट लेबल अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये व्यापारी स्वरूपात आणले. त्याचे तीन थर असतात. वरचा तो दर्शनी थर. मधला चिकट द्रव्याचा, ज्याला शास्त्रीय ग्रंथांत 'आसंजक' म्हणतात. आणि खालचा सिलिकॉनचा लेप दिलेला, सोलून टाकावयाचा कागद. या शेवटच्या कागदास बाजारात 'बॅकिंग' किंवा 'रिलीज पेपर' म्हणतात. आसंजकास मात्र सर्वत्र 'गम' हाच शब्द आहे. छापखान्यात 'डिंक' मागितला तर लाडवांचे सामान हवे आहे, असा समज व्हावयाचा!

दर्शनी थर कागदाचा असेल तर तो बहुधा 'क्रोमो', म्हणजे एका बाजूस गुळगुळीत लेप दिलेला कागद असतो. तो स्वस्त असतो, छपाई चांगली घेतो, परंतु पाणी व तेल शोषतो. थंड पेयांच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणजे 'फिल्म' अधिक योग्य. तिचे 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन) व 'पीई' (पॉलिएथिलीन) हे दोन प्रकार नेहमी आढळतात. दाबली जाणारी बाटली असेल तर लवचिक 'पीई' घ्यावी. ताठ कागदावर तेथे सुरकुत्या पडतात.

खरी मेख गममध्ये आहे. खळ वाळून घट्ट होते; हा गम वाळत नाही, तो कायम किंचित मऊ राहतो आणि दाबाने पकडतो. लावताक्षणी जाणवणाऱ्या चिकटपणास 'टॅक' म्हणतात. पूर्ण पकड त्याहून निराळी. ती येण्यास साधारण एक दिवस लागतो. त्यामुळे लेबल लावून लगेच शीतपेटीत ठेवलेली बाटली आणि दुसऱ्या दिवशी ठेवलेली बाटली यांत फार अंतर पडते. तपमानही दोन प्रकारचे सांगतात : लेबल लावतानाचे किमान तपमान आणि नंतर ते टिकून राहील ते तपमान. गार, ओलसर पृष्ठावर साधा गम धरत नाही; त्यासाठी 'फ्रीझर ग्रेड' मागावा लागतो. 'पर्मनंट' गम निघत नाही, 'रिमूव्हेबल' खूण न ठेवता निघतो. काचेला बहुतेक गम चांगले धरतात. पॉलिथिनची पिशवी वा डबा मात्र गमला सहजासहजी दाद देत नाही. तेलकट हाताने पुसलेल्या बरणीची गत तीच.

छपाईचे शब्द थोडके आहेत. मोठी मागणी फ्लेक्सो यंत्रावर छापतात. लेबलाचा आकार कापणाऱ्या साच्यास 'डाय' म्हणतात आणि बॅकिंग शाबूत ठेवून केवळ वरचे थर कापणे म्हणजे 'हाफ कट'. तारीख व किंमत छापणाऱ्या लहान यंत्रांबाबत मात्र सावध राहावे. त्यांच्या दोन पद्धती आहेत. 'डायरेक्ट थर्मल' पद्धतीत शाई नसतेच. कागदावरील रासायनिक लेप उष्णतेने काळा होतो. ऊन, उष्णता आणि तेल यांनी ही अक्षरे पुसट होतात. लोणच्याच्या बरणीवरील मुदतीची तारीखच नाहीशी झाली, तर ग्राहकाने काय वाचावे? 'थर्मल ट्रान्स्फर' पद्धतीत रिबनवरील शाई लेबलावर उतरते. कागदास मेणाची व फिल्मला रेझिनची रिबन वापरतात. कागद कोणता हे ओळखण्यास नखाने जोरात ओरखडा ओढावा. काळी रेघ उमटली तर तो डायरेक्ट थर्मल कागद समजावा.

तेव्हा मागणीपत्रात दर्शनी थर, गमचा प्रकार, लेबलाची लांबी-रुंदी, बाटली कशाची आहे व ती कोठे ठेवली जाणार, हे लिहावे. लेबल गुंडाळीत हवे असेल तर आतील पुठ्ठ्याच्या नळीचा, म्हणजे 'कोअर'चा व्यास द्यावा. टेबलावरील लहान यंत्रांना बहुधा एक इंची कोअर लागतो, तीन इंची त्यात बसत नाही. दरपत्रके मागविताना दहा-वीस नमुना लेबले मागावीत, ती आपल्याच बाटल्यांवर लावून एक दिवस बाहेर व एक दिवस शीतपेटीत ठेवावीत, आणि मगच आदेश द्यावा.