बोन मॅरो: भीती आणि भाबडेपणा

‘बोन मॅरो तपासावा लागेल,’ असं डॉक्टर म्हणाले की घरातलं कोणीतरी दबक्या आवाजात विचारतंच, ‘मणक्यातून काढतात ना? पाय लुळे नाही पडणार?’ आणि त्याच घरातले एखादे काका गुडघ्यात ‘स्टेम सेलचं इंजेक्शन’ घ्यायला मुदत ठेव मोडायला तयार असतात, कारण त्या पेशी बोन मॅरोतल्या असतात आणि म्हणे झिजलेलं सगळं पुन्हा उगवतं. हाडांच्या पोकळीतल्या या मऊ, तांबड्या पदार्थाबद्दल, म्हणजे मज्जेबद्दल, एवढं भय आणि एवढा भरवसा एकत्र नांदतात. दोन्हीकडे एक साधी गोष्ट निसटते: मज्जा रक्त बनवते. दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी, म्हणजे सेकंदाला वीस लाखांहून जास्त. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्याच. १८६८ साली क्योनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान यांनी आणि त्याच सुमारास इटलीत जुलिओ बित्सोझेरो यांनी हे दाखवून दिलं.

‘मणक्यात सुई घालतात’

मज्जेचा नमुना कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतं ते हाड. जागा बधिर करतात, तरी मज्जा सिरिंजमध्ये ओढताना क्षणभर कळ येते ती चांगलीच जाणवते. ‘अजिबात दुखत नाही’ असं सांगून रुग्णाला फसवण्यात काही अर्थ नाही. पण मज्जारज्जू त्या जागेपासून दूर असतो. गोंधळाचं कारण मात्र खरं आहे. ल्युकेमिया झालेल्या मुलांना मेंदूभोवतीच्या पाण्यात औषध सोडण्यासाठी पाठीतूनही सुई देतात, आणि पुष्कळदा दोन्ही कामं एकाच भुलीत उरकतात. बाहेर बसलेल्या आईवडिलांच्या मनात दोन सुयांची मिळून एकच सुई होते. ती पाठीतली सुईदेखील मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालीच देतात, हे त्यांना सांगायचं राहून जातं.

दात्यांची भीती याच मुळातून आलेली. आज बहुतेक दात्यांच्या हाडाला सुई लागतच नाही. चार-पाच दिवस जी-सीएसएफ नावाच्या औषधाची इंजेक्शनं दिली की मज्जेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) वाहत्या रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात घेऊन, हव्या त्या पेशी वेगळ्या काढून, उरलेलं रक्त परत देतात. काही तास जातात. औषधानं अंग ठणकतं, डोकं दुखतं, आणि ते उतरतं. अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांत डॉक्टर पुष्कळदा हाडातली मज्जाच पसंत करतात. तेव्हा दात्याला पूर्ण भूल देऊन लिटरभर मज्जा काढतात. काही दिवस कंबर धरते, काही आठवड्यांत मज्जा भरून येते. दात्याच्या शरीरातून कायमचं काही जात नाही.

‘नळी चोखली की रक्त वाढतं’

मटणातली नळी रसिकानं जरूर चोखावी. पण तिच्यातली मज्जा बहुतांशी चरबी असते आणि पोटात गेली की इतर अन्नासारखीच पचते. ती खाणाऱ्याच्या मज्जेपर्यंत पोचत नाही. रक्ताला लोह, बी-१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड लागतं. पाया सूपही त्याच हिशेबानं प्यावं, चवीसाठी.

‘किरणोत्सर्ग झाला तर बोन मॅरो बदलायचा’

हा सुशिक्षितांचा गैरसमज आहे, आणि तो नीट सोडवायचा तर थोडं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमात स्फोटातून आणि आगीतून वाचलेले कित्येक जण पहिले काही दिवस बरे दिसत होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचे केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, अंगावर जांभळे डाग उठले, ताप चढला आणि माणसं जाऊ लागली. हा उशीर मज्जेमुळे. कारखान्याला टाळं लागलं तरी दुकानातला माल संपेपर्यंत गिऱ्हाइकाला कळत नाही, तसं होतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. मज्जेतलं उत्पादन थांबलं की आधी जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव गाठतात. पंडुरोग मागाहून येतो.

बॉम्बनंतर या मृत्यूंवर उपाय शोधण्यासाठी प्रयोगशाळा कामाला लागल्या. शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये उंदरांच्या प्लीहेभोवती शिशाचं कवच ठेवून बाकी शरीरावर प्राणघातक मात्रेचे किरण सोडले. उंदीर जगले. उंदरांच्या प्लीहेतही रक्त तयार होतं, हे त्यातलं मर्म. १९५१ मध्ये एगॉन लोरेन्झ यांनी किरणं दिलेल्या प्राण्यांना दुसऱ्या प्राण्यांची मज्जा शिरेतून टोचली, तेही वाचले. मग वाद पेटला. मज्जेतला एखादा रस जीव वाचवतो की तिथल्या पेशी? इंग्लंडमधल्या हारवेलच्या संशोधकांनी १९५६ मध्ये ओळखू येईल असं गुणसूत्र असलेल्या उंदरांची मज्जा वापरली आणि वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत दात्याच्याच पेशी वाढताना दाखवल्या. पुढे १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक यांना अशा उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. जितक्या पेशी टोचाव्यात त्या प्रमाणात गाठी; आणि दोन वर्षांनी सिद्ध झालं की एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली आहे. रक्ताची मूळ पेशी प्रयोगात मोजता आली ती अशी.

म्हणजे मज्जारोपणाचा जन्मच अणुबॉम्बच्या भीतीतून झाला. म्हणूनच किरणोत्सर्गाच्या अपघातात ते रामबाण ठरेल असं सगळ्यांना वाटलं. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. तिथल्या पाच जणांना पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी दात्यांची मज्जा दिली. चार जण जगले, जगभर कौतुक झालं. ती मज्जा मुळात रुजली तरी होती का, अशी शंका नंतर घेतली गेली. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर मॉस्कोत १३ जणांना मज्जा दिली. त्यांतले ११ दगावले. जे दोघे जगले, त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा कामाला लागलेली आढळली.

या अपयशाचं कारण हळहळ वाटावी असं आहे. मज्जा पूर्ण करपवणारी मात्रा बहुधा आतडी, कातडी आणि फुप्फुसांनाही सोडत नाही. तिथे नवी मज्जा काय करणार? आणि अपघातात किरणं अंगावर सारखी पडत नाहीत. भिंतीआड राहिलेल्या एखाद्या हाडातल्या पेशी तगल्या, तर काही आठवड्यांत त्या सगळं उत्पादन पुन्हा उभं करतात. अशा माणसाला परकी मज्जा देणं म्हणजे नवा धोका घरात आणणं. चेर्नोबिलच्या काही रुग्णांच्या बाबतीत तोच नडला. आज पहिला भर जंतुसंसर्ग रोखण्यावर, रक्त-प्लेटलेट चढवण्यावर आणि मज्जेला चालना देणाऱ्या औषधांवर असतो. दात्याच्या अंगात मूळ पेशी उतरवणारं जी-सीएसएफच इथेही कामी येतं. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला या वापरासाठी मान्यता मिळाली. आणीबाणीत वाटतात त्या आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडला वाचवतात, मज्जेला नाही.

आपल्याकडे किरणोत्सर्गाचं असं प्रकरण घडलं ते भंगारबाजारात. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठानं लिलावात विकलेलं जुनं यंत्र मायापुरीत तोडलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० होतं. काय हाताळतोय हे कामगारांना ठाऊक नव्हतं. अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला. सामान्य माणूस मात्र घाबरतो सीटी स्कॅनला. पोटाच्या एका सीटीत साधारण १० मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात. मज्जेचं काम मंदावायला अख्ख्या शरीरावर एका झटक्यात त्याच्या पन्नास-शंभर पट मात्रा पडावी लागते. मोबाइल टॉवरच्या लहरी तर त्या जातीच्याच नाहीत. पेशीतले रेणू तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. कर्करोगात ‘लाइट’ देतात ती मात्रा मोठी असते खरी, पण नेमक्या जागी आणि हप्त्याहप्त्यानं. ओटीपोटावर लाइट चालू असताना रक्तपेशींचे काउंट घसरतात, कारण प्रौढांच्या लाल मज्जेचा मोठा साठा तिथल्या हाडांत असतो.

‘ऑपरेशन करून मज्जा बसवतात’

रुग्ण मज्जारोपणाच्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये जातच नाही. पिशवीतली मज्जा रक्तासारखी नळीतून चढवतात. पेशी आपलं ठिकाण स्वतः शोधतात. खरी लढाई त्याच्या आधी आणि नंतर असते. आधी जबर केमोनं, कधी सोबत किरणांनी, जुनी मज्जा मोडून काढतात. नंतरचे दोन-तीन आठवडे रुग्ण जवळजवळ पांढऱ्या पेशींविना काढतो. मग परक्या मज्जेतून तयार झालेल्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा रुग्णांना मज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. सहाही जण शंभर दिवसांच्या आत गेले. अनेकांनी हा नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परकी मज्जा उलटते तीच कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींनाही मारते, हे त्यातून कळलं आणि ते मोलाचं ठरलं. भारतात पहिलं मज्जारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकानं केलं.

‘माझा रक्तगट जुळतो, माझी मज्जा घ्या,’ असं पोटतिडकीनं सांगणारे नातेवाईक सर्वत्र भेटतात. इथे रक्तगट नव्हे, एचएलए, म्हणजे पेशींवरची आनुवंशिक ओळखखूण असलेला गट, जुळावा लागतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते, आईवडिलांशी निम्मा. रक्तगट वेगळा असला तरी रोपण होतं, आणि काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट दात्याचा होतो. भावाची मज्जा घेतलेल्या बहिणीच्या रक्तपेशींत पुरुषाची गुणसूत्रं सापडतात! निम्म्या जुळणीवर रोपण करण्याचं तंत्र गेल्या दोन दशकांत सुधारल्यामुळे आता आई किंवा वडीलही दाते होऊ शकतात.

‘त्या पेशींपासून काहीही बनतं’

भीतीपेक्षा हा भाबडेपणा महाग पडतो. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला: मज्जेतल्या पेशी उंदराच्या दुखावलेल्या हृदयात टोचल्या की नवा हृदयस्नायू बनतो. जगभर रुग्णांवर प्रयोग सुरू झाले. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की रक्ताच्या मूळ पेशी हृदयस्नायू बनत नाहीत. त्या संशोधनामागच्या पिएरो अन्व्हेर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डनंच केली. मधल्या वर्षांत किती छात्या उगाच टोचल्या गेल्या असतील!

मज्जेत रक्ताच्या मूळ पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात, हाड आणि कूर्चा बनवू शकणाऱ्या. गुडघ्याचा धंदा त्यांच्या नावावर चालतो. त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये देणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदला म्हणून लिहिलं, कारण टोचल्यावर त्या नवा अवयव घडवत नाहीत, फार तर रसायनं सोडून आसपासच्या पेशींना इशारे देतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत साडेचारशेहून अधिक गुडघेदुखीच्या रुग्णांची वर्षभर तुलना झाली. मज्जेतल्या पेशींचं इंजेक्शन साध्या स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जारोपण सोडता बाकी सगळं ‘स्टेम सेल’ अजून संशोधन आहे, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. बिल हातात पडलं, तर तो उपचार कोणत्या मान्यताप्राप्त चाचणीत बसतो हे जरूर विचारावं.

बाळंतपणाच्या वेळी ‘बाळाचा विमा’ म्हणून विकली जाणारी नाळरक्त बँक याच कुळातली. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमान यांनी नाळेतल्या रक्तातून पहिलं रोपण केलं खरं, पण ते रक्त रुग्णाच्या नवजात बहिणीचं होतं. स्वतःचंच रक्त पहिल्या वीस वर्षांत उपयोगी पडण्याची शक्यता आयसीएमआरनं २,५०० मध्ये १ ते २,००,००० मध्ये १ अशी दिली आहे. थॅलेसेमियात तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण बाळाच्या नाळरक्तातही तोच जनुकीय दोष असतो. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांना, ज्यांच्यात हा आजार जास्त आढळतो, या बँकेपेक्षा लग्नाआधीची एक रक्ततपासणी कितीतरी जास्त कामाची.

‘सिकलसेल आता जनुक बदलून बरा होतो’

तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक आजार बरा होतो, अटींसह. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कासजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढतात, क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं एक जागा कापून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात आणि पेशी परत देतात. दाता लागत नाही, परकी मज्जा उलटण्याची भीती नाही. पण त्या पेशींना जागा करून देण्यासाठी बुसल्फान हे मज्जा मोडणारं औषध आधी द्यावंच लागतं, आणि त्यानं पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या आवाक्यात आज आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही तेच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवते, कमी प्रमाणात, आणि रोज घ्यावी लागते. घेणाऱ्याचे काउंट मधूनमधून तपासावे लागतात, कारण मात्रा जास्त झाली तर ती मज्जेलाच दाबते.