भिंत बुजण्याआधी : घरदुरुस्तीतील लो-व्होल्ट वायरिंग

घराची दुरुस्ती निघाली की मालक टाईल्सच्या दुकानात दहा फेऱ्या मारतो, किचन ओट्याचा ग्रॅनाईट चार ठिकाणी पाहतो, पण वायरिंगचा विषय "पंखा इथे, ट्यूब तिथे" एवढ्यावरच आटोपतो. इंटरनेट, कॅमेरा, व्हिडिओ डोअरफोन, टीव्ही, पीओपीतील एलईडी पट्टी यांची आठवण होते ती रंगाचा दुसरा हात मारून झाल्यावर. मग भिंतीच्या कडेने पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या जातात किंवा नवी भिंत पुन्हा फोडली जाते. खर्च कोणी सोसायचा यावरून मालक आणि वायरमन यांच्यात जो वाद होतो, तो आपल्या धंद्यातील बहुतेक कारागीर बांधवांना ठाऊक आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत 'लो व्होल्टेज' म्हणजे २५० व्होल्टपर्यंतचा दाब होता. म्हणजे घरातील २३० व्होल्टची नेहमीची लाईनही त्यातच आली. बाजारात मात्र लो-व्होल्ट म्हणजे १२, २४ किंवा ४८ व्होल्टचे काम, आणि त्याच्या जोडीला नेट व टीव्हीच्या तारा. तेव्हा एस्टिमेटवर नुसते 'लो-व्होल्ट' न लिहिता कॅमेरा, नेट, डोअरफोन, एलईडी असे एकेक नाव लिहावे. पॉइंटच्या दरात हे धरले आहे की नाही, हेही त्याच कागदावर यावे. निम्मे वाद तिथेच मिटतात.

कामाची वेळ ठरलेली आहे. जुनी तोडफोड संपली आणि प्लास्टर अजून व्हायचे आहे, या मधल्या आठवड्यात जे पाईप भिंतीत गेले तेच खरे. त्यापूर्वी सुताराला बरोबर घेऊन घरभर फिरावे. टीव्हीचे युनिट कोणत्या भिंतीला, मुलांचे अभ्यासाचे टेबल कुठे, पलंगाचे डोके कोणीकडे, हे खडूने भिंतीवरच लिहावे. कपाटामागे गेलेला पॉइंट हा पैसे घेऊन केलेला निरुपयोगी पॉइंट होय.

सर्व तारा एका जागी आणाव्यात. दाराजवळ किंवा माळ्याखाली एक छोटी पेटी ठरवावी आणि प्रत्येक खोलीतून स्वतंत्र तार तिथपर्यंत न्यावी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी साखळी करू नये. एक सांधा गेला की पुढचे सारे बंद. पेटीत राऊटर, स्विच आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर बसणार, त्यामुळे तिला हवा लागते. पेटीत निदान दोन सॉकेट हवीत, आणि ती इन्व्हर्टरच्या लाईनवर हवीत. जिथे वीज वारंवार जाते तिथे दिवे गेले आणि कॅमेराही गेला, तर तो कॅमेरा बसवून काय साधले? बाहेरून पेटीपर्यंत एक पाईप रिकामा ठेवावा. फायबरवाले आपली तार घेऊन येतात आणि पाईप नसला तर खिडकीची चौकट भोकतात. या पाईपला काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावावा, कारण फायबर जोरात मुडपली की प्रकाश पुढे जात नाही.

२३० व्होल्टची तार आणि नेटची तार एका पाईपमधून नेऊ नये, हा नियम मोडू नये. एक पाईप वाचवण्यासाठी पुष्कळ जण तसे करतात. लाईनच्या तारेचे आवरण पाईपमध्ये सोलले गेले तर जिवंत करंट थेट कॅमेऱ्याच्या किंवा डोअरफोनच्या डब्यापर्यंत पोचतो आणि त्या डब्याला घरातले लहान मूलही हात लावते. दोन्ही पाईप समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवावे. एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. २५ मिलिमीटरच्या पाईपमध्ये चारपेक्षा अधिक कॅट-६ कोंबू नयेत. ती ओढताना ताकद लावू नये. सुमारे ११ किलोच्या पलीकडे जोर गेला की आतली पीळ बिघडते. जॅक लावतानाही पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये.

आता मालाविषयी. लोहार चाळ असो, लॅमिंग्टन रोड असो की पुण्याचे पासोड्या विठोबा, स्वस्त कॅट-६ चे बंडल सर्वत्र मिळते. त्यातील बरेचसे आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असे असते. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर दुकानदाराला परत करा. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. जो कॅमेरा नेटच्याच तारेवरून वीज घेतो त्याला लांब अंतरावर पुरेसा दाब मिळत नाही आणि तार तापते. शुद्ध तांब्याची तारही १०० मीटरच्या आतच ठेवावी. जे दुकानदार बांधव मुलाम्याचा माल ठेवतात त्यांनी निदान तसे सांगून विकावा.

एलईडी पट्टीत होणारी चूक हिशेबाने दाखवता येते. ७२ वॅटची पट्टी १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेते. ड्रायव्हर १० मीटर दूर ठेवून दीड चौरस मिलिमीटरची तार टाकली तर जाऊन-येऊन वाटेत सुमारे दीड व्होल्ट संपतो. म्हणजे बाराचे साडेदहा, आणि पट्टी मंद. तीच पट्टी २४ व्होल्टची घेतली तर ३ अँपिअर लागतात आणि पाऊण व्होल्ट जातो, तोही चोविसातून. म्हणून २४ व्होल्टची पट्टी घ्यावी किंवा ड्रायव्हर जवळ ठेवावा. पण तो पीओपीत गाडू नये. ड्रायव्हर कधीतरी बिघडणारच, तेव्हा हात जाईल एवढी खिडकी हवी.

"सारे वायफायवर चालते, तारा कशाला?" असे मालक विचारतो. कोकणातील जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात मागच्या खोलीत उभे राहून त्याला व्हिडिओ कॉल लावून दाखवावा. अशा बऱ्याच घरांचा कर्ता आखातात असतो आणि घर पाहतो ते फोनवरच. तिथे प्रत्येक मजल्याच्या छताला एक कॅट-६ सोडली तर पुढे वायफायचा डबा कुठेही लावता येतो.

प्लास्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप धरून काढावा, तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर बांधावा आणि रिकाम्या पाईपमध्ये ओढायची दोरी सोडून ठेवावी. फोटोंची एक प्रत मालकाला द्यावी. पुढे ड्रिल मारणारा सुतार त्याचे आभार मानील. कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र आपल्याकडे ठेवू नये. घराच्या आतले दृश्य ही परक्याची अमानत आहे. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून नवा मालकाच्याच हाताने टाकून घ्यावा, आणि शेवटचे बिल त्यानंतर मांडावे.