ढगांआडचा समुद्र

तळोद्यापासून अरबी समुद्र लांब. हातोडा पुलाखालून वाहणारी तापी सुरतेजवळ त्याला मिळते, एवढाच डोळ्यांना दिसणारा संबंध. तरी सातपुड्याच्या पायथ्याची कपाशी ज्या पावसावर उभी राहते, त्याचा हिशेब समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानापासून सुरू होतो. पाणी साधारण 28 अंशांवर गेले की त्यावर उंच ढग उभे राहण्याची शक्यता झपाट्याने वाढते. हे तापमान उपग्रहावरून मोजणाऱ्या संवेदकांची तुलना बहुतेकदा बारकाईवर होते. मोसमी पावसाच्या प्रदेशाला हा निकष अपुरा आहे. जून ते सप्टेंबर या काळात कोणाला समुद्र दिसतो, हे आधी विचारायला हवे.

बारकाईत अवरक्त संवेदकांना तोड नाही. अमेरिकी नोआ उपग्रहांवरचा एव्हीएचआरआर सुमारे 1.1 किलोमीटरचा तुकडा वेगळा ओळखत असे, व्हीआयआयआरएस 750 मीटरचा ओळखतो. आपल्या इन्सॅट-3डी मालिकेचा ठिपका 4 किलोमीटरचा, पण ती दर अर्ध्या तासाला नवे चित्र देते. 11 आणि 12 मायक्रॉनच्या आसपासच्या दोन पट्ट्यांतल्या फरकावरून हवेतल्या बाष्पाची वजाबाकी होते. ढगाची मात्र होत नाही: तिथे समुद्राऐवजी ढगाचा माथाच मोजला जातो. धूळही फसवते. 1991 साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर एव्हीएचआरआरने उष्ण कटिबंधातले समुद्र होते त्याहून थंड दाखवले होते. सूक्ष्मतरंग संवेदक ढगातून आरपार पाहतात. 1997 च्या टीआरएमएम उपग्रहावरच्या टीएमआयने 10.7 गिगाहर्ट्झवर हे उष्ण समुद्रांत सिद्ध केले. 2012 पासून जपानचा एएमएसआर-2 ते 6.9 गिगाहर्ट्झवर करतो आहे.

सूक्ष्मतरंगाला पसंती देण्यावर आक्षेप आहेत, आणि ते फुटकळ नाहीत. एएमएसआर-2 चा एक ठसा सुमारे 35 बाय 62 किलोमीटरचा. किनाऱ्यालगत त्यात जमीन मिसळते आणि मुसळधार पावसात तोही निकामी ठरतो. मासळीचा थवा शोधणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, हे मान्य. पण पावसाच्या अंदाजाला शेकडो किलोमीटर पसरलेले उबदार पाणी कळले तरी पुष्कळ. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: अवरक्त संवेदक पाण्याची काही मायक्रॉन जाडीची त्वचा मोजतो, सूक्ष्मतरंग सुमारे मिलिमीटरभर. ती त्वचा खालच्या पाण्याहून अंशाचा पाचवा हिस्सा थंड असू शकते. दोन्ही आकडे डोळे झाकून एकत्र करता येत नाहीत, तरंगत्या बोयांच्या मोजमापाशी ते जुळवावेच लागतात. खानदेशातला बराच पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो, मग अरबी समुद्राचे कौतुक कशाला, असेही कोणी म्हणेल. खरे आहे, पण पावसाळ्यात तो उपसागरही ढगांखालीच असतो. म्हणजे युक्तिवाद उलट बळकटच होतो.

खटकते ते निराळेच. 1999 च्या ओशनसॅट-1 वर एमएसएमआर हे 6.6 गिगाहर्ट्झपासून मोजणारे भारतीय उपकरण होते. 26 नोव्हेंबर 2022 रोजी सोडलेल्या ओशनसॅट-3 वरचा तापमान संवेदक मात्र अवरक्त आहे. जपानने 2025 मध्ये एएमएसआर-3 पाठवला. पुढच्या ओशनसॅटवर एकाच तापमान संवेदकाला जागा असेल, तर ती बारीक ठिपक्याला न देता सूक्ष्मतरंगाला द्यावी.