गुरुवारी आलेला नाताळ

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की आमच्या पिरनवाडीत काही घरांवर चांदणीचा कंदील चढतो. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून फार दिवस झालेले नसतात, त्यामुळं वायर, होल्डर, खिळा सगळं तिथंच असतं. त्या घरांतून तळणीचा वासही दिवाळीसारखाच येतो. मराठी ख्रिस्ती घरात नाताळला करंज्या-चकल्या होतात, कन्नड घरात त्याच करंजीची कर्जिकाई होते, आणि खानापूर-गोव्याकडच्या कॅथलिक घरात तीच नेवरी होऊन कुलकुलांशेजारी ताटात बसते. ‘नाताळ’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला; करंजी मात्र इथलीच.

पण फराळ एक असला म्हणून घर एक होतं असं नाही. माझ्या ओळखीच्या एका घराची हकीकत सांगते. नावं सांगत नाही. जे ओळखतील त्यांनी कृपया गप्प बसावं.

नवरा कन्नड बोलणारा मेथडिस्ट. पहिली बायको वारलेली, मुलगी दहावीत. बायको मराठी, हिंदू, तीही विधवा. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. सोबत नवऱ्याची आई. तिला सगळे अज्जीच म्हणत. मराठीत आज्जी, कन्नडात अज्जी, तेवढं एक नातं भाषांतराशिवाय जमून गेलं. २००८ च्या जानेवारीत रजिस्टर पद्धतीनं लग्न झालं. मुलीनं नव्या आईला मावशी म्हणायचं, मुलानं नव्या वडिलांना काका. आई-अप्पा म्हणायची सक्ती कुणी केली नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

पण २००८ हे सालच असं होतं की कॅलेंडरानं त्यांना निवांत बसू दिलं नाही. ईस्टर चंद्रावर ठरतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार. त्या वर्षी ही पौर्णिमा आपली होळीचीच निघाली. २१ मार्चला शुक्रवारी दुपारी गुड फ्रायडेची उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांचं मनन, घरात उपास आणि शांतता. आणि त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी होळी. मुलगा दारात घुटमळत होता. आत मुलगी आपल्या गेलेल्या आईचं बायबल मांडीवर घेऊन रडत होती. मावशीला कळेना, कुणाची समजूत काढावी. शेवटी अज्जीच म्हणाली, “होगली बिडु.” जाऊ दे त्याला. पोरगा गेला, होळीत पोळी टाकली आणि अर्ध्या तासात परत आला. बोंब मात्र मारली नाही म्हणे. नऊ वर्षांच्या पोरानं होळीला बोंब न मारणं म्हणजे काय, ते बेळगावकरांना सांगायला नको.

खरी कसोटी डिसेंबरात आली. २५ डिसेंबर २००८ हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. नवरा गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्या वर्षी तिनं पुन्हा महालक्ष्मीचा घट मांडला होता आणि उद्यापन नेमकं नाताळवर आलं. व्रताच्या दिवशी घरात मांस शिजत नाही. त्या घरात तर नाताळच्या दुपारी मटणाची बिर्याणी ही अज्जीच्या सासूपासूनची रीत.

अज्जीनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “बिर्याणी नाळे माडोण.” उद्या करू. पण धाकटा दीर बिघडला. नव्यानं आलेल्या वहिनीच्या व्रतासाठी प्रभूच्या जन्माचं जेवण पुढं ढकलायचं का, असा त्याचा सवाल. त्या वर्षी तो आलाच नाही. मला त्याचा राग अगदीच अवाजवी वाटत नाही. ज्यांची संख्या थोडी, त्यांना दर वेळी आपलीच रीत मागं सारावी लागते की काय ही धास्ती असते, आणि ती उगाच नसते.

सकाळी ती चर्चला गेली. सगळे उभे राहिले की उभी राहिली, प्रभुभोजन घेतलं नाही. संध्याकाळी अज्जी बायकांच्या ओळीत बसली. फळ घेतलं, कुंकू लावून घेतलं नाही. कुणी कुणाला आग्रह केला नाही.

वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मला हे घर हटकून आठवतं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू हिंदूच राहिले. चार-पाच वर्षं नवराबायकोची ताटातूट. एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं सुटलेलं नव्हतं. सुटणार कसं? माहेरी वडिलांना सोवळ्याचं वेड. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. पुढं राहुरीला असताना त्यांच्या मनानं घेतलं की जातपात माणसानंच केलेली आहे, आणि कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी पाणी आणि चहा, देवाचं मागाहून. टिळक एवढे मोठे प्रवचनकार, पण त्यांच्या घरातली गाठ सुटली ती स्वयंपाकघराच्या बाजूनं. मुलांना प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं की ती टिळकांच्या धर्मविचारावर दोन पानं लिहितात आणि हे एका ओळीत उरकतात. मार्क मी ओळीलाच देते.

त्या घरात आणखी एक पोरका जीव रुळला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात टिळकांना त्र्यंबक बापूजी ठोंबरे भेटले. आपले बालकवी. पुढं ते नगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं खाऊपिऊ घातलं. धर्मप्रचार हेच ज्याचं काम, त्याच्या घरात राहून ठोंबरे हिंदूच राहिले आणि हिंदू म्हणूनच १९१८ साली गेले. टिळकांची ओवी-अभंगांच्या चालीवरची ख्रिस्ती गीतं आज मराठी चर्चमध्ये गातात, आणि बालकवींच्या कविता सगळ्यांच्या शाळेत असतात. दोघांच्याही ताटात वाढणारी बाई एकच होती.

आता अज्जी नाही. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला आहे, फोनवर अजून मावशीच म्हणते. मुलाचं लग्न ठरतंय. पत्रिका दोन भाषांत निघणार एवढं पक्कं आहे, बाकी वाद चालू आहेत. २०२५ साली २५ डिसेंबर पुन्हा गुरुवारी आला. तिनं दिवाळीतच कालनिर्णय उघडून पाहिलं होतं. मार्गशीर्ष वीस तारखेला संपत होता. दुपारी बिर्याणी झाली. धाकटे दीर जेवायला आले होते, आणि त्यांनी दोनदा वाढून घेतली.