कुलाबा ते अलिबाग : दोन वर्षांची पडताळणी

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. संस्थेला स्वायत्त रूप १९७१ साली मिळालं, पण तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेचा. तिथं १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामच्या विजेनं चुंबकसूच्या बिघडणार होत्या. जागा अलिबागची ठरली. पण घर बांधायचं कशाचं? आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, म्हणजे भिंतीनंच सूची हलायची. म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलं.

मला खरं मोल वाटतं ते पुढच्या कामाचं. १९०४ ला अलिबाग सुरू झालं, तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले आणि आकडे ताडून पाहिले. ट्राम १९०७ साली धावली, तोवर नव्या जागेची खात्री पटलेली होती. म्हणूनच १८४१ पासूनची मालिका सलग धरता येते.

ज्वालामुखीवर नेल्या जाणाऱ्या गुरुत्वमापकालाही ताडून पाहण्याची हीच शिस्त लागते. पोटात शिलारस चढला की डोंगरावरचं गुरुत्व दहा-वीस-पन्नास मायक्रोगॅलनं (हे गुरुत्व मोजायचं बारीक एकक) बदलतं, आणि एकूण गुरुत्व आहे सुमारे ९८ कोटी मायक्रोगॅल! यंत्रातली स्प्रिंग रोज आपोआप थोडी सैलावते. यंत्र सेंटीमीटरभर वर बसलं तरी तीन मायक्रोगॅलचा फरक पडतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तिपाईची उंची मोजायची, सकाळी ज्या ठाण्यावरून निघालो तिथंच परत येऊन पुन्हा वाचन घ्यायचं. शिवाय गुरुत्व आधीच पक्कं ठाऊक असलेल्या, उंचीत बराच फरक असलेल्या दोन जागांवर नेऊन यंत्राची मोजपट्टी पारखायची. हे चुकलं, तर डोंगर फुगतोय की स्प्रिंग सैलावतेय, सांगता येत नाही. अंदमानातल्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी १९९१ साली दीर्घ शांततेनंतर जागा झाला. तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारातला आहे.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. अलिबागचा किल्ला पाहायला जाल तेव्हा तीही, बाहेरून का होईना, बघून या.